भोवऱ्यांची जाळी : एव्हीएलशी पहिली ओळख

विमान का उडतं हे आपण सगळे अकरावी-बारावीत कधीतरी घोकून आलेलो आहोत. पण "हे समोरचं विमान उडेल का?" असं कोणी विचारलं, तर आपल्यापैकी किती जण छातीठोकपणे उत्तर देतील? दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर पुस्तकात मिळतं आणि दुसऱ्याचं उत्तर आकड्यांत शोधावं लागतं. ते आकडे काढून देणाऱ्या एका छोट्याशा, फुकट मिळणाऱ्या आणि दिसायला अगदी साध्या प्रोग्रामबद्दल हा लेख आहे. त्याचं नाव एव्हीएल.

आधी हा उद्योग का सुरू झाला ते सांगते. माझं गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरांना एक ग्लायडर उडवून दाखवायचं आम्ही चौघांनी ठरवलंय. मोटर नाही, रिमोट नाही. हातानं फेकायचं आणि आपोआप तरंगत खाली यायला हवं. फोमची शीट गावात मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते, आणि आमच्या बजेटमध्ये एकच शीट बसते. म्हणजे संधी एकच! पहिल्याच फेकीत नाक आपटून पंख तुटला तर दुसरा पंख नाही, आणि समोर चाळीस पोरं हसायला तयार. कागदावरचं चित्र बघून काकांनी एकच प्रश्न विचारला, "का वं माय, हाई उडी का?" त्या प्रश्नाचं उत्तर फोम कापायच्या आधी द्यायचं आहे, म्हणून एव्हीएल.

एव्हीएल म्हणजे काय?

अथीना व्हॉर्टेक्स लॅटिस या तीन शब्दांचं हे लघुरूप. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'अथीना' नावाचा कॉम्प्युटर प्रकल्प होता, त्यावरून पहिला शब्द आला. १९८८ च्या सुमारास हॅरॉल्ड यंगरेन यांनी पहिली आवृत्ती लिहिली, आणि नंतर एमआयटीचे मार्क ड्रेला आणि यंगरेन या दोघांनी मिळून ती वाढवली. मार्क ड्रेला म्हणजे 'डिडॅलस' या विमानाच्या डिझाईनमधलं एक मोठं नाव. १९८८ साली हे विमान माणसाच्या पायांच्या जोरावर, पेडल मारत, ग्रीसच्या क्रीट बेटापासून सँटोरिनीपर्यंत समुद्रावरून ११५ किलोमीटर उडालं होतं. एव्हीएलमागे अशा माणसाचा हात आहे.

हा प्रोग्राम जीएनयू लायसन्सखाली मोफत मिळतो. कॉम्प्युटर लॅबमधल्या मोठ्या सॉफ्टवेअरसारखी लायसन्सची कटकट नाही. फाईल इतकी लहान की कुठल्याही पेन ड्राईव्हमध्ये कोपऱ्यात मावते, आणि घरात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवरही सुरळीत चालते. एकदा उतरवून घेतला की इंटरनेटची गरज नाही. गावी राहून काम करणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची आहे ते वेगळं सांगायला नको.

अडचण एकच. यात बटणं नाहीत, मेनू नाहीत, माऊसचं काही काम नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची आणि एंटर मारायचा. बऱ्याच जणांचा उत्साह इथेच मावळतो. पण लागणाऱ्या कमांड मोजून सात-आठ आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात.

आत चालतं तरी काय?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'व्हॉर्टेक्स'ला मराठीत काय म्हणायचं ते आजोबांना विचारावं लागलं. ते लगेच म्हणाले, "भोवरा, दुसरं काय!" नदीच्या पाण्यात पडतो तो भोवरा. आणि लॅटिस म्हणजे जाळी. झालं, अर्ध्या प्रोग्रामचा अर्थ नावातच कळला.

पंखाच्या वरून हवा जास्त वेगाने जाते, खालून कमी वेगाने. या फरकाकडे गणिताने असंही बघता येतं की सरळ वाहणाऱ्या हवेत पंखाच्या जागी एक भोवरा मिसळलेला आहे. भोवरा जितका जोरदार, तितकी उचल जास्त. जर्मनीतल्या लुडविग प्रांटल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अख्ख्या पंखाच्या जागी भोवऱ्याची एकच रेषा कल्पून गणित मांडलं होतं. व्हॉर्टेक्स लॅटिसमध्ये त्याच कल्पनेचे तुकडे केलेले आहेत.

पंख म्हणजे एक पातळ पत्रा समजा. त्यावर उभ्या-आडव्या रेषा मारून छोट्या चौकटी पाडा. प्रत्येक चौकटीत पुढून पाव अंतरावर एक भोवरा ठेवा. त्याची दोन्ही टोकं मागे वळून दूरवर जातात, म्हणजे आकार घोड्याच्या नालेसारखा होतो. आता प्रत्येक चौकटीत पुढून पाऊण अंतरावर एक बिंदू घ्या आणि तिथे अट घाला, की हवा पत्र्याच्या आरपार जाता कामा नये, पत्र्याला लागूनच वाहिली पाहिजे. जितक्या चौकटी तितक्या अटी, आणि तितकेच अज्ञात भोवऱ्यांचे जोर. म्हणजे ही आपली नेहमीचीच एकरेषीय समीकरणं, गणिताच्या पेपरमध्ये आपण तीन अज्ञातांची सोडवतो तीच. आमच्या ग्लायडरमध्ये अज्ञात ४८८ आहेत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये सव्वादोन लाखांहून जास्त आकडे. हाताने जन्म जाईल, कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपवतो.

आमचं ग्लायडर

उदाहरण समोर असलं की सोपं जातं, म्हणून आमचीच मापं देते. सगळी मीटरमध्ये आहेत. एव्हीएलला एककांशी देणंघेणं नाही, मीटर घ्या, फूट घ्या किंवा हात घ्या. फक्त एकदा जे घेतलं तेच शेवटपर्यंत ठेवा.

मुख्य पंख : टोकापासून टोकापर्यंत १.२, रुंदी ०.२, म्हणजे क्षेत्रफळ ०.२४.
आडवी शेपटी : टोकापासून टोकापर्यंत ०.४, रुंदी ०.१२.
उभी शेपटी : उंची ०.१५, रुंदी खाली ०.१२ आणि वर ०.१०.
पंखाच्या पाव-रुंदीच्या रेषेपासून शेपटीच्या पाव-रुंदीच्या रेषेपर्यंत अंतर : ०.६.
एकूण वजन : ३६० ग्रॅम.

दिशा अशा : एक्स म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, वाय म्हणजे उजव्या पंखाकडे, झेड म्हणजे वर. शून्य बिंदू आम्ही पंखाच्या पुढच्या कडेवर, अगदी मध्ये धरलाय.

फाईल कशी लिहायची?

विमानाची माहिती एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये द्यायची. नोटपॅड पुरे आहे. वर्डमध्ये लिहू नका, ते स्वतःची सजावट घालतं आणि एव्हीएल गोंधळतं. नोटपॅडची एक खोड लक्षात ठेवा, फाईलच्या नावापुढे ते गुपचूप टीएक्सटी जोडतं. म्हणून सेव्ह करताना खालच्या खिडकीत 'ऑल फाईल्स' निवडा आणि नाव ग्लायडर डॉट एव्हीएल असं द्या.

आपलं मासिक देवनागरीत आहे, म्हणून इथे शब्द आणि आकडे देवनागरीत देते. टाईप करताना मात्र इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

वरच्या पाच ओळी अख्ख्या विमानासाठी असतात.

पहिली ओळ : विमानाचं नाव. आम्ही ठेवलं 'ब्राह्मणपुरी'.
दुसरी ओळ : मॅक नंबर. आपल्यासाठी ०.
तिसरी ओळ : सिमेट्रीचे तीन आकडे. तिन्ही ०.
चौथी ओळ : क्षेत्रफळ, रुंदी, लांबी. म्हणजे ०.२४ ०.२ १.२
पाचवी ओळ : गुरुत्वमध्याचे एक्स, वाय, झेड. म्हणजे ०.०७५ ० ०

पाचवी ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर पुढे पुन्हा येऊ. हवं असल्यास सहाव्या ओळीत घर्षणामुळे होणाऱ्या ड्रॅगचा अंदाज देता येतो. आम्ही ०.०३ दिला.

आता एकेक भाग. प्रत्येक भागाची सुरुवात 'सरफेस' या शब्दाने करायची. पंखासाठी असं :

सरफेस
पंख
८ १.० २० १.०
वाय-डुप्लिकेट
०
सेक्शन
० ० ० ०.२ ०
सेक्शन
० ०.६ ०.०५ ०.२ ०

तिसऱ्या ओळीतला ८ म्हणजे रुंदीच्या दिशेने चौकटी आठ, २० म्हणजे लांबीच्या दिशेने वीस. दोन्ही १.० चा अर्थ, कडांजवळ चौकटी दाट आणि मध्ये विरळ. कडांजवळ सगळं झपाट्याने बदलतं, म्हणून जाळी तिथे बारीक हवी. 'वाय-डुप्लिकेट' म्हणजे उजवा पंख लिहिला की डावा आपोआप, आरशातल्यासारखा. हा शब्द इंग्रजीत लिहिताना मध्ये जागा किंवा रेघ नको, सलग लिहा. तिसऱ्या ओळीतली सिमेट्री शून्य ठेवली ती याचसाठी. दोन्ही एकदम वापरायचं नसतं.

'सेक्शन' म्हणजे पंखाचा आडवा काप. खाली पाच आकडे : पुढच्या कडेचे एक्स, वाय, झेड, मग रुंदी, मग बसवण्याचा कोन. एक काप मुळाशी, एक टोकाशी, मधलं एव्हीएल स्वतः जोडून घेतं. टोकाचा झेड ०.०५ आहे, म्हणजे पंख टोकाकडे जवळपास ५ अंश वर उचललेला. त्याचा फायदा पुढे दिसेल.

आडवी शेपटीही अशीच लिहायची. तिची पुढची कड एक्स ०.६२ वर येते, चौकटी ६ आणि १०. फरक एवढाच की तिच्या दोन्ही सेक्शनखाली 'कंट्रोल' हा शब्द आणि पुढच्या ओळीत : एलेव्हेटर १.० ०.७ ० ० ० १.०. इथे ०.७ म्हणजे बिजागरी सत्तर टक्क्यांवर, म्हणजे मागची तीस टक्के पट्टी हलते. आमच्या ग्लायडरला खरी बिजागरी नाही, फोमची मागची पट्टी हाताने वाकवायची. पण किती वाकवायची हा आकडा हवाय, म्हणून कंट्रोल दिलं. उभ्या शेपटीला वाय-डुप्लिकेट द्यायचं नाही, ती एकटीच असते. तिचे दोन काप असे : ०.६२ ० ० ०.१२ ० आणि ०.६४ ० ०.१५ ०.१० ०. चौकटी ६ आणि ८.

आता काळा पडदा

एव्हीएल आणि आपली फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरमध्ये जा आणि एव्हीएल टाईप करून एंटर मारा. मेनू येतो आणि कर्सर तुमची वाट बघत थांबतो. आता क्रमाने :

१. लोड, मग जागा सोडून फाईलचं नाव. फाईल वाचल्याचं पडद्यावर येतं. चूक असेल तर इथेच अडतं. नव्वद टक्के वेळा एखादा आकडा कमी किंवा जास्त पडलेला असतो.

२. ओपर, म्हणजे ओ, पी, ई, आर. आपण कामाच्या खोलीत शिरलो.

३. जी. विमानाचं चित्र उघडतं. ही पायरी कधीही गाळू नका. शेपटी पंखाच्या पुढे आली असेल किंवा एखादा पंख उलटा असेल तर इथे एका नजरेत कळतं. आकडे बघून असं काही कळत नाही.

४. ए सी ०.४९. मराठीत सांगायचं तर, "पंखाचा कोन तूच ठरव, पण उचलीचा गुणांक ०.४९ आला पाहिजे." हा आकडा कुठून आला ते पुढे सांगते.

५. डी१ पीएम ०. म्हणजे, "एलेव्हेटर असा ठेव की नाक वर किंवा खाली फिरवणारा आघूर्ण शून्य होईल." आघूर्ण म्हणजे आपला मोमेंट.

६. एक्स. गणित चालू! क्षणात उत्तर.

७. एफटी दाबलं की एकूण बलं दिसतात, एसटी दाबलं की स्थिरतेचे आकडे.

मागे यायला नुसता एंटर. बाहेर पडायला क्विट. बस्स, एवढंच.

०.४९ कुठून आला? ग्लायडर सेकंदाला ७ मीटर वेगाने तरंगावं असं आम्ही ठरवलं. ३६० ग्रॅमचं वजन म्हणजे ३.५३ न्यूटन. १५ अंश तापमानाला हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो. वजन भागिले (अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ) केलं की ०.४९ येतं. हे कॅल्क्युलेटरवर करून बघा.

उत्तर खरं कशावरून?

कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे खरं, असं मानायची आपल्याला सवय लागली आहे. एव्हीएल वापरताना ती सोडा. प्रत्येक आकड्याचा हाताने ढोबळ अंदाज काढा आणि मगच पडद्याकडे बघा.

आमचा ढोबळ हिशोब असा. पंखाची लांबी रुंदीच्या ६ पट आहे. अशा पंखाला शेपटीसकट ०.४९ गुणांकासाठी साधारण ६ अंशाचा कोन लागायला हवा. उचलीसोबत फुकट पदरात पडणारा ड्रॅग, त्याला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात, ०.०१३ च्या आसपास यायला हवा. एलेव्हेटर एक-दोन अंश वर जायला हवा, एव्हीएलमध्ये हे ऋण चिन्हाने दिसतं. पडद्यावरचे आकडे याच्या जवळपास असतील तर फाईल बरोबर. कोन १५ अंश आला तर एव्हीएलला दोष देऊ नका, चौथी ओळ तपासा. क्षेत्रफळात चूक असण्याची शक्यता जास्त.

खरी गोष्ट : तोल

आता पाचव्या ओळीकडे वळू. काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

प्रत्येक विमानात एक बिंदू असतो, त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. वाऱ्याच्या झुळकीने नाक जरा वर गेलं की जी जास्तीची उचल तयार होते, ती या बिंदूवर लागते असं समजा. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असेल, तर ती जास्तीची उचल नाक पुन्हा खाली आणते, म्हणजे विमान स्वतःला सावरतं. गुरुत्वमध्य मागे असेल तर तीच उचल नाक आणखी वर फेकते, आणि मग खेळ खलास. बाणाचं टोक जड का असतं, त्याचं कारणही असंच.

एसटीच्या यादीत शेवटी न्यूट्रल पॉइंटचा एक्स छापलेला असतो. हाताच्या हिशोबाने आमच्या ग्लायडरचा न्यूट्रल पॉइंट पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण ९५ मिलिमीटरवर येतो, आणि एव्हीएलचं उत्तर याच्या आसपास असायला हवं. आम्ही गुरुत्वमध्य ७५ वर ठेवलाय. फरक २० मिलिमीटर, भागिले रुंदी २०० मिलिमीटर, म्हणजे १० टक्के. याला स्टॅटिक मार्जिन म्हणतात. असल्या ग्लायडरला ५ ते १५ टक्के चांगले. फार वाढवलं तर विमान नाकजड आणि हट्टी होतं, फार कमी केलं तर चंचल.

प्रयोग म्हणून पाचव्या ओळीत ०.०७५ ऐवजी ०.११ लिहा आणि पुन्हा चालवा. यादीत 'सीएम-ए' नावाचा आकडा आधी ऋण होता, तो आता धन होईल. हे चिन्ह बदललं म्हणजे फोमचा पंख तुटला, असं समजून चाला. पडद्यावर फक्त एक छोटी रेघ गायब होते, शेतात मात्र अख्खं ग्लायडर जातं! आणि दोन्हींत फरक किती? साडेतीन सेंटिमीटर. नाकात चिकटवलेला मातीचा एक गोळा निम्म्या वाटेत पडला तरी एवढा फरक पडू शकतो.

गुरुत्वमध्य प्रत्यक्षात तपासणं सोपं आहे. दोन्ही पंखांखाली, पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर खूण करा आणि दोन बोटांवर ग्लायडर उचला. सरळ राहिलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर नाकात वजन वाढवा. तराजूच्या दांडीसारखंच.

यादीत आणखी दोन आकडे बघा. 'सीएन-बी' धन असेल तर विमान वाऱ्यात तोंड सरळ ठेवतं, हे काम उभ्या शेपटीचं. 'सीएल-बी' ऋण असेल तर एका बाजूला घसरताना खालचा पंख आपोआप वर येतो, हे काम टोकाकडे उचललेल्या पंखांचं. पंख असे ठेवले ते यासाठी. टोकाचा झेड शून्य करून बघा, हा आकडा किती बदलतो ते दिसेल.

खान्देशचं ऊन

१५ अंश तापमान पुस्तकात ठीक आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे दुपारी पारा ४२ च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ होते. ४२ अंशाला समुद्रसपाटीच्या दाबाला घनता १.१२ च्या आसपास, म्हणजे जवळपास ९ टक्के कमी.

इथे एक गंमत आहे. एव्हीएलच्या गुणांकांना घनता माहीत नसते. एलेव्हेटर वाकवून एकदा ०.४९ ठरवलं की ग्लायडर पहाटेही ०.४९ वरच तरंगणार आणि भर दुपारीही. बदलतो तो वेग. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला ७ ऐवजी ७.३ मीटर वेग लागतो. उचलीचा गुणांक जास्तीत जास्त ०.९ पर्यंत जाईल असं धरलं, तर ज्या वेगाखाली विमान कोसळतं तो ५.२ वरून ५.४ होतो. म्हणून आम्ही सकाळी सात वाजता उडवणार आहोत. हवा दाट, वारा शांत, आणि पोरांच्या डोक्यावर ऊन नाही.

एव्हीएल काय सांगत नाही?

मर्यादा सांगितल्या नाहीत तर लेख अर्धवट राहील. एव्हीएलच्या जगात हवेला चिकटपणा नाही. त्यामुळे तो स्टॉल ओळखत नाही. कोन २५ अंश दिलात तरी आनंदाने भरपूर उचल छापून देईल, प्रत्यक्षात पंख केव्हाच कोसळलेला असतो. वरचा ०.९ हा आकडा आम्ही बाहेरून धरलाय. घर्षणाचा ड्रॅगही आपणच द्यायचा. आम्ही दिलेला ०.०३ आणि एव्हीएलचा ०.०१३ मिळून ०.०४३ होतो, म्हणजे उचल ड्रॅगच्या साधारण ११ पट. दीड मीटर उंचीवरून फेकलं तर १६-१७ मीटर जाईल. पण तो ०.०३ अंदाज आहे, म्हणून १७ मीटरही अंदाजच.

चिकटपणाचं गणित हवं असेल तर ड्रेला यांचाच एक्सफॉइल हा दुसरा प्रोग्राम आहे, १९८६ साली लिहिलेला. तो पंखाच्या एका कापाचं गणित करतो. आमच्यासारख्या छोट्या ग्लायडरचा रेनॉल्ड्स नंबर एक लाखाच्या आत असतो आणि तिथे चिकटपणाला फार महत्त्व येतं. दोन्ही प्रोग्राम जोडीने वापरावेत.

हे आपल्याला कशाला?

कोणी म्हणेल, आपण मेकॅनिकलवाले, आपल्याला विमानाशी काय करायचं? तर विमान आपल्यापासून फार लांब नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग विमानं बनली, नंतर सुखोई-३० बनली. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि २०२० साली त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या त्या आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर. मधली वर्षं बहुतेक परवानगीसाठी गेली. परवानगी देणारा माणूस "विमान सुंदर आहे" एवढ्यावर सही करत नाही. तो आकडे मागतो.

आणि दुसरी बाजूही बघा. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिला ठोस पुरावा मिळालेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या विमानांचा १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा ती उडण्यासारखी नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा निष्कर्ष निघाला. कोणाचा अपमान करायचा नाही, पण उडतं की नाही हे वजन, क्षेत्रफळ आणि तोल ठरवतात, अभिमान ठरवत नाही. तपासायचं साधन आज आपल्या पेन ड्राईव्हमध्ये मावतं, मग तपासायला काय हरकत आहे?

सुरुवात कशी कराल? एव्हीएलबरोबर 'रन्स' नावाचं फोल्डर येतं, त्यात तयार विमानांच्या फाईली आहेत. पहिल्या दिवशी त्यातली एक उघडा आणि फक्त चित्र बघा. दुसऱ्या दिवशी वरची ब्राह्मणपुरीची फाईल स्वतः टाईप करा. तिसऱ्या दिवशी एका वेळी एकच आकडा बदला, आणि काय होईल ते आधी वहीत लिहून मगच एक्स दाबा. वहीतला अंदाज आणि पडद्यावरचं उत्तर जुळायला लागलं की समजा, एअरोडायनॅमिक्स डोक्यात शिरायला लागलं.

काकांना मी सध्या एवढंच सांगितलंय, की गुरुत्वमध्य ७५ वर, एलेव्हेटर दोन अंश वर आणि वारा नसला तर उडेल, जवळपास सोळा मीटर. ते म्हणाले, टेप घेऊन उभा राहतो. कोणाला शंका असतील तर दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये भेटा. फाईल पेन ड्राईव्हमध्ये देईन, पण चौथी ओळ तुमची तुम्ही तपासायची!